पुठ्ठ्याची खिडकी

३ फेब्रुवारी, मंगळवार

तेरा! शंभरापैकी तेरा! आणि गणिताच्या सरांनी तो पेपर स्टाफरूममध्ये हवेत फडकवून सगळ्यांना दाखवला. "ही म्हणे असामान्य बुद्धिमत्ता!" पेपर इंग्रजीचा, मुलगी माझ्या वर्गातली — ह्यांना कोणी पंचायत करायला बोलावलं होतं? हातातला चहा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. ओतला नाही. चहा चांगला झाला होता.

सातवीची विशेष तुकडी म्हणजे अकरा अचाट डोकी, आणि प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं. एकाला येरझाऱ्या घातल्याशिवाय ऐकू येत नाही. एकीला शर्टाचं लेबल मानेला टोचलं की अख्खा दिवस वाया. आणि ही तेरा गुणवाली. हिला मी वकीलीणबाई म्हणते, कारण माझ्या प्रत्येक वाक्यावर हिची हरकत असते. वाचायला बसली की ओळी एकमेकींत घुसतात, लिहायला बसली की हात थिजतो. पण बोलायला लागली की आपण खडू खाली ठेवून ऐकत बसावं.

वार्षिक परीक्षेत लेखी इंग्रजीत नापास झाली तर तुकडीतून बाहेर. नियम आहे म्हणे. मग साठ मुलांच्या वर्गात मागचा बाक. तिथे हिची हरकत कोण ऐकून घेणार? परीक्षा दोन मार्चला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात सांगितलं — खुर्ची तक्रार करतेय अशी कल्पना करा आणि इंग्रजीत बोला. बाकीच्यांनी पाय मोडला, धूळ बसली, वगैरे वगैरे. वकीलीणबाई उभी राहिली. "हरकत आहे बाई. खुर्ची तक्रार करणारच नाही. तक्रार ऐकायला साहेब येणार, आणि येऊन तिच्यावरच बसणार!" हे सगळं इंग्रजीत, एका दमात! येरझाऱ्यावाला हसता हसता फळ्यावर आपटला.

मग म्हटलं, हेच लिही. तास संपेपर्यंत दीड ओळ. खोडून खोडून कागदाला भोक.

मी तिला बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक खिडकी करून दिली आहे. मध्ये लांबट चीर, त्यातून एका वेळी एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकलेल्या. तिने वाचायचा वेग दुप्पट केलाय तिच्या जोरावर. दप्तरात कंपासपेक्षा जास्त जपते.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंकडे गेले होते. लेखनिक मागायला. म्हणजे वकीलीणबाई उत्तरं सांगेल आणि खालच्या वर्गातली कोणीतरी ती जशीच्या तशी लिहील. जगात सगळीकडे चालतं हे! डॉक्टरांचा अहवाल नेला होता. मुलीची आई नर्स आहे, रात्रपाळी करून, तिथून थेट रांगेत उभी राहून आणलाय तिने तो.

मोठ्या बाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही! टेबलाच्या कडेला सरकवला. "ते राहू द्या. काय म्हणायचंय ते तोंडाने सांगा."

तोंडाने सांगा! ह्यांचं कायमचंच आहे हे. लेखी काही आणायचं नाही, येऊन उभं राहायचं आणि सांगायचं. दरबार! सूचना निघाली तरी ती कारकून येऊन मोठ्याने वाचून दाखवणार, जसे काही आम्ही सगळे अडाणी. संमेलनात मात्र स्वतः तासभर बोलतात — हातात चिठोरं नाही, तीनशे पालकांची नावं तोंडपाठ. मिरवायची हौस, दुसरं काय!

सांगितलं सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे ना? मग करेल. नाही म्हणजे नाही."

घरी येऊन भांडी घासली. नवरा आतून ओरडला, "त्या पातेल्याने तुझं काय घोडं मारलंय?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

अहवालात शब्द आहे 'अध्ययन अक्षमता'. अक्षम कोण? ती का शाळा?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

राग इतका आलाय की अक्षर वाकडं येतंय.

मोठ्या बाई वर्गात फेरीला आल्या. वकीलीणबाई खिडकी लावून वाचत होती, छान लय लागली होती. ह्या तिच्या बाकापाशी थांबल्या. खिडकी उचलली. उलटी केली, सुलटी केली, चिरेवरून बोट फिरवलं. किती वेळ! 

"हे कोणी शिकवलं?"

"मीच केलंय," मी म्हटलं.

"परीक्षेत असलं काही चालणार नाही." आणि खिडकी पर्समध्ये टाकून चालत्या झाल्या! बारा वर्षांच्या पोरीच्या हातातून!

वकीलीणबाई दाराकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हरकत आहे." ऐकायला मोठ्या बाई जागेवर नव्हत्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्री नवी खिडकी कापली होती. घेतली नाही तिने. "नको बाई. तीपण नेतील."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी वर्गात मुद्दाम तीन चुकीच्या गोष्टी बोलले. धडधडीत चुकीच्या. तिने हात वर केला नाही. लेबलवाली कुजबुजली, "बाई, ती आता बोलत नाही." मला काय दिसत नाही का!

संध्याकाळी तिची आई फाटकापाशी भेटली. युनिफॉर्मवरच होती, ड्यूटीवर निघालेली. "घरी सगळे आळशी म्हणायचे हिला. मीपण म्हणायचे, बाई. तुम्ही सांगितलंत तेव्हा वाटलं, चला, सुटलो. आता काल मला म्हणते, आई, साध्या वर्गात घाल, तिथे कोणी काही विचारत नाही." आणि नाक पुसून बस पकडायला पळाली.

मी घरी आले आणि रडले. रागाने. फक्त रागाने.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. तोंड सुटलं माझं. परवानगी न घेताच मोठ्या बाईंच्या खोलीत घुसले. म्हटलं, लेखनिक द्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या. उद्याच लिहून आणते.

तर म्हणाल्या, "लिहून आणू नका. द्यायचा तर तोंडीच द्या."

राजीनामासुद्धा तोंडी!! मला हसू का फुटलं नाही देव जाणे.

मग म्हणाल्या, आवाज न चढवता, "तुम्हाला वाटतं मी दुष्ट आहे. अहो, कुबडी एकदा घेतली की सुटत नाही. जन्मभर लपवत फिरावी लागते. त्यापेक्षा तिला आत्ताच पडू दे, धडपडू दे."

"लपवायला कोणी सांगितलंय?" मी जवळजवळ ओरडलेच. "चष्मा लपवतं का कोणी? तिने तिची खिडकी कधी लपवली नव्हती. सगळ्यांना दाखवत फिरायची! लाज तुम्ही दिलीत तिला, त्या दिवशी, पर्समध्ये घालून!"

मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी पर्स ओढून मांडीवर घेतली. टेबलावर डॉक्टरांचा अहवाल अजून तिथेच, त्याच कडेला. अकरा दिवस! घडीसुद्धा मोडलेली नाही!

"तुम्ही जा आता," म्हणाल्या.

घरी येऊन ह्याला सांगितलं. हा म्हणाला, "म्हणजे नोकरी आहे का गेली?" मी म्हटलं, तोंडी आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. बोलावणं नाही, उत्तर नाही. गणिताचे सर विचारतात, "काय मग, क्रांती कुठवर आली?" आज चहा अगदीच पाणचट होता. सर थोडक्यात वाचले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मधल्या सुट्टीत कारकून आला, नेहमीसारखा खाकरला आणि वाचायला लागला. सातवीच्या विशेष तुकडीत ज्याला लागेल त्याला लेखनिक मिळेल. वाचायला जे काही साधन लागेल ते परीक्षेत उघडपणे वापरता येईल. उघडपणे हा शब्द बाईंनी दोनदा घालायला लावला, असं तो वर म्हणाला.

मी आनंदाने नाचायला हवं होतं. उलट डोकं आणखीच तापलं! इतकं सोपं होतं? मग त्या पोरीचे पंधरा दिवस कोण भरून देणार? तिची बंद पडलेली जीभ कोण चालू करणार? धन्यवाद वगैरे म्हणायला मी जाणार नाही. मुळीच नाही.

वकीलीणबाईला सांगितलं. विचार करून म्हणाली, "लेखनिक माझं वाक्य सुधारणार नाही ना? माझी हरकत राहील."

परत आली! हरकत परत आली!

२ मार्च, सोमवार

पेपर सुरू व्हायच्या आधी शिपाईमावशी वर्गात आल्या. हातात पाकीट. "मोठ्या बाईंनी दिलंय. पोरीची वस्तू आहे म्हणाल्या."

वकीलीणबाईने उघडून पाहिलं. "हरकत आहे, बाई. ही खिडकी माझी नाही."

खरंच नव्हती. तिची बुटाच्या खोक्याची, कोरी करकरीत. ही हाताळून हाताळून फडक्यासारखी मऊ पडलेली, कडांना चिकटपट्टीवर चिकटपट्टी, चिरेपाशी बोटांनी काळी झालेली. वर्षानुवर्षांची.

मी ती घेतली आणि परत द्यायला निघाले. दारापर्यंत गेले. पुढे पाऊल उचलेना.

मागून वकीलीणबाईचा आवाज आला. "राहू द्या ना बाई. आजच्या दिवस मी ही वापरते. माझी आहे त्यांच्याकडे, त्यांचं भागेल."