ब्याण्णवचा आकडा

॥ श्री ॥
पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. आईस, अक्षदाचा शि. सा. न. वि. वि.

प्रयोगशाळेत मी बनवलेलं यंत्र आणि वीस पट्ट्या पप्पूमामाबरोबर पाठवल्या आहेत. पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण आहेत आणि त्या कणांवर रक्तातलं एक विकर धरून ठेवणारं प्रथिन. फवारणीचं औषध अंगात भिनलं की ते विकर मंदावतं, पट्टीतून वीज कमी वाहते, आकडा उतरतो. साठच्या खाली गेला तर सुदर्शनने पंप उचलायचा नाही, बाग गेली तरी चालेल.

दर रविवारी सुदर्शनच्या बोटाचा रक्ताचा एक थेंब. आकडे कागदावर लिहून पाठव, सरांना दाखवायचे आहेत. आपले शूरवीर लहानपणी सुई पाहून कणगीमागे लपायचे, तेवढं सांभाळ.

नानांना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.
तुझी अक्षदा

॥ श्री ॥
बोरी बुद्रुक, ८ डिसेंबर २०२४

चि. अक्षदा हिस अनेक आशीर्वाद.

पाच रविवारचे आकडे: ९२, ९१, ९३, ९२, ९२. सोनं लावायचंच होतं तर आईच्या कानात लावायचंस, पट्टीवर कशाला!

सुदर्शनचं डोकं जड असतं, तोंडाला पाणी सुटतं. मी थांब म्हटलं, तर म्हणाला, ताईचं यंत्र बरं म्हनतंय, मग मला काय व्हतंय. नानाही तेच म्हणाले. बागेवर कीड लई आहे.

जेवत जा. आमची आठवण ठेव.
तुझी आई

पुणे, ९ जानेवारी २०२५

ती. आईस, सा. न.

सुदर्शनच्या तेराव्याला तुझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही. मंचरला दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं तेव्हा ते विकर जवळजवळ उरलंच नव्हतं. माझं यंत्र मात्र ब्याण्णव सांगत राहिलं. तू डोकं जड असल्याचं लिहिलंस, तरी मी आकड्यावर विश्वास ठेवला. माझ्या यंत्रानं माझा भाऊ मारला. मी हे काम सोडते आहे, सरांना उद्या सांगेन. उरलेल्या पट्ट्या जाळून टाक.

जमलं तर क्षमा कर.
अक्षदा

बोरी बुद्रुक, १६ जानेवारी २०२५

चि. अक्षदा हिस आशीर्वाद.

संक्रांत गेली, तिळगूळ केला नाही. काम सोडू नकोस. तुझं यंत्र खोटं बोललं नाही.

पहिल्या रविवारी सुई पाहून त्याचा चेहरा उतरला. हात औषधानं आधीच फुटलेले. मी म्हटलं, राहू दे, माझं बोट घेते. पोटचं पोर, रक्त एकच, असं मी धरून चालले. सगळे रविवार मीच बोट पुढं केलं. ते ब्याण्णव माझे होते, बाळा. नानांना, पोराच्या बापाला, अजून सांगितलेलं नाही.

पट्ट्या जाळल्या नाहीत. काल वाडीतला भिमाजी पंप पाठीला लावून निघाला होता. त्याला ओट्यावर बसवलं आणि त्याचंच बोट टोचलं. एक्केचाळीस आला. तो भांडला, पण पंप मी घरात ठेवून घेतला. आता वाडीतले सगळे येणार आहेत.

माझ्यावर रागाव, बोलू नकोस, पण पट्ट्या पाठव.
तुझी आई