दुसऱ्याच्या स्टॉलवर आई

रविवार, १४ मार्च

ती. वन्सं,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, मेसेज उघडत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. कुरिअरवाला म्हणतो, उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. फाडायच्या आधी एकदा वाचा, एवढं तरी ऐका माझं. गुडघे कसे आहेत? नातीला आता दात आले असतील.

मी इथे आर्ट फेअरला आलेय, एकटीच. भलामोठा हॉल, पांढऱ्या फळ्यांचे स्टॉल, देशोदेशीच्या गॅलऱ्या आणि पायांचे तुकडे. आमच्या गॅलरीवाल्या बाई मला खुर्चीवर टेकूसुद्धा देत नाहीत. चित्रकाराची बायको दमलेली दिसली की गिऱ्हाईक बिचकतं म्हणे! तुमचा भाऊ का आला नाही, असं जो तो विचारतो. नव्या कामात गढलाय, असं मी सांगते. तुम्हालाही हेच लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

वन्सं, तो बरा नाही. पोटात गाठ आहे, आता सगळीकडे पसरलंय. डॉक्टरांनी हात टेकलेत. "ताईला कळवायचं नाही," अशी त्याने मला शपथ घातली होती. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याने तुम्हाला न विचारता स्वतः काढलेलं आईचं चित्र विकलं आणि तुम्ही "आईला विकून खाल्लंस" म्हणून पाय आपटत निघून गेलात. तेव्हापासून तो हट्टाला पेटलाय. तुम्हीही काही कमी नाही म्हणा.

मी तोंड मिटून होते. पण फेअरचा पहिला दिवस फक्त निमंत्रित संग्राहकांचा असतो, आणि त्या गर्दीत काका भेटले. आईचं चित्र घेणारे तेच. सगळे चित्रकार त्यांना काकाच म्हणतात. आमच्याकडे कितीदा जेवलेत. ह्याच्या पडत्या काळात चित्रं घ्यायला ते एकटे पुढे यायचे. "माझ्या भिंतीवरून ही हलायची नाही," असा शब्द देऊन आईला घेऊन गेले होते. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "खरं सांग पोरी, कसा आहे तो?" इतक्या महिन्यांत मला कुणी असं विचारलंच नव्हतं हो. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुसऱ्याच एका गॅलरीच्या स्टॉलवर होती.

तीच. चष्मा कपाळावर, मांडीवर कुणाचं तरी शिवण, दातात दोरा. समोर एक जोडपं उभं होतं आणि विकणारा आवाज खाली आणून त्यांना सांगत होता, "चित्रकार शेवटच्या अवस्थेत आहे. घ्यायचं तर आत्ताच घ्या, नंतर हाताला लागायचं नाही." ती दोघं "अरेरे" म्हणाली आणि एक पाऊल पुढे सरकली. माणूस जाणार असं कळलं की त्याच्या चित्रांचे भाव चढतात, हे इतकी वर्षं ह्या लोकांत काढून मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण काकांपुढे ते सुचलंच नाही, वन्सं. मला वाटलं, घरचं माणूस विचारतंय.

तशीच तरातरा काकांकडे गेले. ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. चांगल्या घरी जाईल ती." आणि डोळ्यांत पाणी. खरंखुरं! तेच मला सहन होत नाही. नाटक करत असते, तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

दुपारपर्यंत सगळ्या हॉलभर झालं होतं. मग ह्याला फोन करण्यावाचून इलाज राहिला नाही. वाटलं, भडकेल, मला फाडून खाईल. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे आता ताईला हे बाजारातून कळणार." आणि रडायला लागला. लग्न झाल्यापासून मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. "तिला तू सांग," म्हणाला, "बाहेरून नको कळायला." चित्र कुठे गेलं, कुणी घेतलं, एका शब्दाने विचारलं नाही.

आई दिवसभर मशीनवर बसायची आणि हा तुमच्या कडेवर वाढला, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

चित्रं आवरायला बाई आहेत, मी उद्याच घरी निघतेय. तुम्हीही निघा. फार दिवस नाहीत. आधी कुणी बोलायचं, काय बोलायचं, असला घोळ घालत बसू नका. दारातूनच सुरुवात करा. कळवलं का नाहीस, स्वतःला समजतोस कोण, म्हणून चांगला फैलावर घ्या त्याला. डॉक्टर, शेजारी, मी, सगळेच हल्ली त्याच्याशी हळू आवाजात बोलतो, आणि त्याला त्याचीच भीती वाटते. तुम्ही तरी मोठ्याने बोला.

तुम्ही याल म्हणून धीर धरून असलेली,
तुमची भावजय