आत्याच्या कोटातलं लोखंड

४ डिसेंबर
ढिम्म. किल्ली फिरवली की साधी टक्-सुद्धा नाही.

आत्याच्या रोपवाटिकेतला गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर. संस्कृतच्या मास्तराला कशाला बोलावलं? तर कॉलेजच्या सुट्ट्यांत मी मोटारी दुरुस्त करायचो, हे तिनं अजून लक्षात ठेवलंय. आतेभावाचा फोन : "दादा, उगाच घाम गाळू नकोस. रविवारी गिऱ्हाईक येतंय. चालला नाही तर तो भंगाराच्या भावात जाईल, आणि जाऊ दे." आत्या आतून : "ट्रॅक्टर गेला की मी घरात बसले. आणि एकदा बसले की उठायची नाही, सांग त्याला!"

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर. गरम पाण्यानं धुतला, बॅटरी चार्जिंगला लावली. मग शेडची आवराआवर. खुंटीवरच्या आत्याच्या कोटात हातोडी, पकड, जाडजूड पाने — कोट कसला, भंगाराचं दुकान. सगळं काढून फळीवर ओळीनं मांडलं. बरं दिसतंय.

५ डिसेंबर
अर्थिंगची तार सांगाड्याला जोडलेली, तिथं गंज. पॉलिश पेपरनं घासली. सीटवर बसून किल्ली फिरवली — पहिल्याच फटक्यात सुरू. दिग्विजयी मुद्रेनं आत्याला हाक मारली. कोट चढवून आली, बसली. ढिम्म. मी बसलो, सुरू. ती बसली, ढिम्म.

"तुझ्यावर जीव जडलाय मेल्याचा," म्हणाली. मग खिशांत हात घातले, चाचपले आणि खाली उतरली. कोटाच्या बाह्या पार बोटांवर आल्यात तिच्या. थंडीनं माणसं आखडतात.

६ डिसेंबर
सीटखाली एक स्विच असतो. माणूस बसला की त्याच्या वजनानं तो दाबला जातो. माणूस उठला किंवा पडला की इंजिन बंद, म्हणजे खाली पाती फिरत राहत नाहीत. तोच बिघडला असणार. वायरमनला बोलावलं, त्यानं नवा बसवला. तरी तेच. "काका, स्विचच काढून तार थेट जोडू का? कटकट मिटेल." म्हटलं, आत्या पडली तर? स्विच राहू दे.

७ डिसेंबर
परत सगळ्या जोडण्या तपासल्या. एकही ढिली नाही. सोडत नाही मी.

८ डिसेंबर
सकाळी ट्रॅक्टरच्याच आवाजानं जाग आली. धावत गेलो तर आत्या रोपांच्या रांगांमधून ऐटीत चाललेली. शेडमध्ये पाहिलं : फळी रिकामी. तिच्या कोटाचे खिसे गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

खिशात लोखंड, तर ट्रॅक्टर चालू. लोखंड नाही, तर बंद. अन्वय झाला, व्यतिरेक झाला. वर्गात शिकवतो मी हे! बॅटरी निर्दोष, तार निर्दोष, दोन्ही स्विच निर्दोष. उरली आत्या.

"कधीपासून?"
"उन्हाळ्यापासून. घास उतरत नाही खाली. तुम्हाला कळलं असतं तर घरात बसवलं असतं."
"सोमवारी दवाखान्यात जायचं."
"बघू."
"बघू नाही."
"मास्तर झालास म्हणून मला दटावतोस?"
"हो."

गवताची उरलेली रांग पुरी करूनच उतरली.

९ डिसेंबर
गिऱ्हाईक आलं. ट्रॅक्टर उत्तम चालतो, त्यामुळे विकायचा नाही, असं सांगून परत पाठवलं. आतेभावाला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं दवाखान्याची वेळ विचारली. मग : "मी येतो."

१० डिसेंबर
दवाखान्यात आत्या वजनकाट्यावर चढली. नर्स म्हणाली, "कोट काढा, आजी." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला.

कोट जड होता.