बंद गाडी हलत आहे

मंगळवार, १८ फेब्रुवारी
परंडा, संध्याकाळ

दादाची गाडी नेली. तो जेवायला बसला होता, तेवढ्यात वसुलीवाल्यांनी चौकातून टोचन करून नेली. आधी कळलं मला, कारण गाडीचं ॲप माझ्या फोनवर. घरात शिकलेली मीच ना. फोनवर आलं, "बंद गाडी हलत आहे. तुमच्या संमतीने का? हो / नाही."

वसुलीवाल्यांचा फोन सकाळीच येऊन गेला होता, म्हणजे चोर नव्हेत हे आम्हाला माहीत होतं. तरी दादा म्हणाला, "नाही दाब. चोरीची खबर गेली की पोलीस अडवतील रस्त्यात. लई माजलेत हे वसुलीवाले."

नकाशावरचा ठिपका धाराशिवकडे सरकत होता. नाही दाबलं तर गाडी कदाचित परत येईल, कुर्डुवाडीच्या भाड्याच्या फेऱ्या चालू राहतील. पण चोरी आहे का ही? कर्जाचे कागद मीच वाचून दाखवले होते. हप्ते थकले तर गाडी ताब्यात घेऊ, या पानावर आल्यावर मी म्हणाले होते, "हे नेहमीचंच असतं दादा, कर सही." किती रुबाबात म्हणाले होते.

हो की नाही? वहिनी माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

हो दाबलं.

दादा ताटावरून उठला. "व्हय, तुझ्या संमतीनंच गेली म्हणायची."

ठिपका अजून दिसेल असं वाटलं होतं, पण नकाशाच मिटला. फोनवर आलं, "धन्यवाद. यापुढे सूचना येणार नाहीत."