ऐतवारी भरतीला

लालबाग
गुरुवार, सकाळ

प्रिय रोझ,

फ्रँक व्हायोलिन जुळवायचा तो आवाज तुला अजून आठवतो का? संध्याकाळी पाचच्या सुमाराला, खोताच्या वाडीतल्या तुमच्या लाकडी व्हरांड्यात. चारही तारा आधी एकमेकींशी भांडायच्या, खुंटी पिळली की एखादी किंचाळायची, आणि मग एकाएकी सगळ्यांचं एकमत व्हायचं. तू आतून विचारायचीस, मांजर मेलं का रे एकदाचं? मी समोरच्या चाळीच्या गॅलरीत पाचवी ‘ब’च्या वह्या तपासत असायचो. ते एकमत कानावर आलं की लाल पेन वहीतच ठेवून जिना उतरायचो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्यावाईट सगळ्या गोष्टी त्या आवाजामागून आल्या.

पंधरा मिनिटांच्या टॅक्सीच्या अंतरावर राहणाऱ्या बाईला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. पण तुमच्या घरी फोन नेहमी फ्रँकच उचलतो. तीन वर्षांत तो व्हरांड्याची पायरी उतरला नाही असं तू सांगतेस, पण फोन त्याच्या उशाशी असतो. भेटायला आलो तर आपल्या दोघांच्या मधे त्याची खुर्ची. म्हणून हे लिहितोय. एकटी असशील तेव्हाच वाच. भावाला सूप भरवता भरवता वाचू नकोस.

सिनेमातली गाणी कशी होतात हे त्या काळी तुमच्या घरात राहूनही तुला ठाऊक नव्हतं. तुला वाटायचं, कवी आधी कविता लिहितो आणि मग वाजवणारे ती वाजवतात. मलाही तसंच वाटायचं. वर्गात कविता शिकवताना मी मुलांना टेबलावर ताल धरायला लावायचो, आणि शब्द आधी, सूर मागून, असं छातीठोक सांगायचो. फ्रँकने माझा तो भ्रम उतरवला. चाल आधी होते, मास्तर, तो म्हणायचा, शब्द मागून येतात, भाड्याच्या कोटासारखे. खरे शब्द येईपर्यंत चाल लक्षात राहावी म्हणून तिच्यात काहीतरी भरून ठेवायचं असतं. त्याला डमी म्हणतात. अर्थ नसला तरी चालतो, माप जुळलं पाहिजे. फ्रँकला माप समजायचं पण मराठी शब्द सुचायचे नाहीत, मला दुसरं काही सुचायचंच नाही. म्हणून ते काम माझ्याकडे. एका चालीत मी पाचवी ‘ब’चा हजेरीपट घातला होता. दुसरीत भाजी गल्लीतल्या भाज्या. तू दारात उभी राहून हसायचीस, आणि मी आणखी दोन भाज्या घालायचो.

दिनेशला फ्रँकनेच घरात आणलं, हे विसरू नकोस. काशीबाई तुमच्या दारात टोपली उतरवायची तेव्हा मागून हा यायचा, शिवडीच्या कोळीवाड्यातला, खांद्यावर दुसरी टोपली आणि ओठांवर कायम काहीतरी गाणं. फ्रँकने तो गळा ऐकला आणि कोरसमधे त्याला उभा केला. पोराच्या गळ्यात मीठ आहे, म्हणायचा. कोरसमधे उभा करणं वेगळं आणि बहिणीशेजारी उभा करणं वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्हा दोघांचं मला आधी कळलं. टोपलीतले पापलेट घेताना तू एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाहीस, त्यावरूनच कळलं.

त्या बुधवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी तू मला चिठ्ठी दिलीस. दिनेशला दे, वाचलीस तरी चालेल, तू काय, मास्तरच आहेस, असं म्हणालीस. ते वाक्य मी किती वर्षं उराशी धरलं ते राहू दे. मी चिठ्ठी वाचली. चारच ओळी होत्या.

ऐतवारी भरतीला
बंदराच्या पायरीला
छत्री पांढरी दिसेल
नको सांगू देवालाही

रोझ, तू घाईत, शाळेच्या फाटकाशी, पेन्सिलीने लिहिलं होतंस. आणि ओळीओळीला आठ अक्षरं. मी तिथेच उभा राहून बोटांवर मोजली, पुन्हा मोजली. ज्या मापात आपल्याकडच्या बायका जात्यावर गातात, त्या मापात तू न कळता बोलली होतीस. वृत्तांवर जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचं काय झालं असेल बघ. मधल्या सुट्टीत मासळी बाजारात जाऊन मी चिठ्ठी दिनेशच्या हातात दिली. ती माझ्याकडून गेली, पण ओळी राहिल्या. दिवसभर फळ्यावर गणितं लिहितानाही त्या आत वाजत होत्या.

संध्याकाळी फ्रँकने नवी चाल वाजवली. लालबागचा एक मसालेवाला कोळ्यांवर सिनेमा काढत होता, त्यासाठी. चाल आठ-आठची होती, आणि इतकी उदास की व्हरांड्यात बसलेला तुमचा कुत्रासुद्धा उठून आत गेला. काहीतरी भर मास्तर, फ्रँक म्हणाला. मी भरलं. चारही ओळी, एका दमात, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा त्याचा गज तारांवर तसाच टेकलेला होता. त्याने पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, “कुणाचे शब्द?”

मी म्हणालो, “माझेच.”

त्याने मान हलवली आणि दाराआडच्या खुंटीकडे पाहिलं. त्या खुंटीवर तुझी छत्री होती, वसईच्या मावशीने दिलेली, लेसवाली. अख्ख्या वाडीत सगळ्या छत्र्या काळ्या आणि ती एकच पांढरी. मला घाम फुटायला हवा होता. मी मात्र त्याला तिसऱ्या ओळीत यती कुठे पडते ते समजावत बसलो.

आता रविवार. तुला एवढंच माहीत आहे की चर्चमधून बाहेर पडताच फ्रँकने सांगितलं, वसईची मावशी फार आजारी आहे, कुणीतरी निरोप दिलाय, आणि तुला व आईला तसंच्या तसं गाडीत बसवलं. तू तिथे पोचलीस तर मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. ही गोष्ट तू मला रडत रडत कितीदा सांगितलीस. फ्रँकने निरोप नीट ऐकला नाही म्हणालीस, आणि मी दर वेळी म्हणालो, असेल.

मला जे माहीत आहे ते हे. दुपारी एकच्या सुमाराला मी गॅलरीत होतो. फ्रँक घरातून निघाला. हातात व्हायोलिन नव्हतं, तुझी पांढरी छत्री होती, उघडलेली. एवढा उंचापुरा माणूस लेसची छत्री घेऊन चालला म्हणून गल्लीत पत्ते खेळणाऱ्यांनी शिट्या मारल्या. एकाने विचारलं, काय मॅडम, कुठे निघालात? फ्रँकने वळूनही पाहिलं नाही. गोदामं रविवारी बंद, बंदराच्या पायरीवर चिटपाखरू नसतं. दोनची भरती. होडीतून येणाऱ्या माणसाला लांबून काय दिसणार? पांढरी छत्री. तो निर्धास्त वल्ही मारत पायरीला लागणार.

फ्रँक दिवेलागणीला परत आला. गुडघ्यापर्यंत राखाडी चिखल, उजव्या तळव्याला रुमाल गुंडाळलेला, छत्री नाही. बसमधे विसरलो, असं त्याने तुला सांगितलं. छत्रीवरून तू त्याच्याशी दोन दिवस बोलली नाहीस. मंगळवारी दिनेशची होडी शिवडीच्या चिखलात उलटी सापडली. दिनेश सापडला नाही. समुद्रावरचा मुलगा, समुद्राने नेला, असं लिहून पोलिसांनी कागद मिटवला. आणि तू ठरवून टाकलंस की तू गेली नाहीस, त्याने वाट पाहिली, आणि त्या दुःखात त्याने स्वतःचं काही करून घेतलं. त्यापायी तू लग्न केलं नाहीस. त्यापायी तू फ्रँकपाशी राहिलीस.

बारा दिवसांनी दादरच्या एका छोट्या स्टुडिओत ते गाणं झालं. खरे शब्द कवीकडून आले होते, छान होते. मसालेवालाही तेच घ्या म्हणत होता, देवाला न सांगणारी बाई माझ्या सिनेमात नको, घरच्यांना काय तोंड दाखवू? फ्रँक म्हणाला, हेच शब्द राहतील, नाहीतर चालही मिळणार नाही. तळव्याला पट्टी होती म्हणून तो वाजवत नव्हता, समोर उभा राहून नुसता हात हलवत होता. तिसऱ्या ओळीवर त्याने सगळ्यांना सावकाश केलं. छत्री, पांढरी, दिसेल. गाणाऱ्या बाईच्या अंगावर काटा आला, ती म्हणाली, काय सुंदर जागा काढलीत. मी काचेमागे होतो, रोझ. मला तेव्हा सगळं समजलं. समजूनही मी बाहेर येऊन सगळ्यांबरोबर चहा घेतला. पुढे मसालेवाल्याचे पैसे संपले, सिनेमा डब्यात गेला. ते गाणं कुणीच ऐकलं नाही. मी सुटलो असं मला वाटलं. तसं मी मुलांना नेहमी सांगायचो, गद्य विसरतं, पद्य राहतं. चिठ्ठी फाडून टाकता येते. तिला एकदा चाल लागली की ती फाडायची कशी?

आता ते गाणं परत आलंय. कुणा तरुण दिग्दर्शकाला जुन्या टेपा मिळाल्या. उद्या शुक्रवारी त्याचा सिनेमा लागतोय, आणि महिनाभर ते गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. माझ्या सुनेने, श्रेयाने, मला स्वयंपाकघरात ऐकवलं. पडद्यावर नुसतं पाणी दाखवलंय, चढत जाणारं. भाजी नीट करता करता ती गुणगुणते. मी खोलीत जाऊन दार लावतो.

सोमवारी तेजस्वी आली. दिनेशच्या धाकट्या भावाची मुलगी, बँकेत आहे, बोलायला नेमकी. काशीबाईच्या ट्रंकेत, दिनेशच्या सणाच्या सदऱ्याच्या खिशात, तिला तुझी चिठ्ठी मिळाली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तिने सदऱ्याबरोबर जपली. आता त्याच ओळी तेजस्वीला गाण्यात ऐकू आल्या. टेपच्या खोक्यावर फ्रँकच्या अक्षरात माझं नाव होतं, त्यावरून ती माझ्यापर्यंत पोचली. चहा तिने घेतला नाही. म्हणाली, सर, चिठ्ठी माझ्या काकाला आली होती. मग ती गाण्यात कशी गेली, आणि ते गाणं त्या रविवारच्या आधी कुणाकुणाला माहीत होतं? मी तिला म्हटलं, मला चार दिवस दे. ती म्हणाली, रविवारी मी खोताच्या वाडीत जाऊन, आजी ज्यांच्या दारात टोपली उतरवायची त्या बाईंनाच विचारणार आहे. त्याआधी संगीतकारांनाही फोन करेन. केला असेलही.

म्हणून हे पत्र, रोझ. परक्या मुलीच्या तोंडून तुला हे कळू नये. दिनेशने तुझी वाट पाहून जीव दिला नाही. त्याला कुणीतरी भेटलं होतं, तुझ्या छत्रीखाली उभं राहून, आणि त्याच माणसाची उशी तू गेली कित्येक वर्षं सारखी करतेस. एवढं लिहून थांबलो असतो तर मी निव्वळ भोळा, वृत्तवेडा मास्तर ठरलो असतो. पण मी शब्दांचा माणूस आहे. हजार शब्द येत असताना जिभेवर त्याच चार ओळी का आल्या, हा प्रश्न मी पन्नास वर्षं टाळला. हजेरीपट होता. भाज्या होत्या. आठ अक्षरांचं माप मी झोपेतही भरलं असतं. तू मला चिठ्ठी देताना ‘तू काय, मास्तरच आहेस’ म्हणालीस, तेव्हा माझ्या आत काहीतरी आंबलं होतं. फ्रँकने ऐकावं, तुम्हा दोघांना अडवावं, एवढंच मला हवं होतं. त्याहून अधिक होईल असं वाटलं नव्हतं. पण ऐकावं असं वाटलं होतं. माप जुळलं हा माझा बहाणा. मला माफ करू नकोस, फक्त स्वतःला दोष देणं थांबव. आणि आजच तुझ्या भाचीकडे वांद्र्याला निघून जा. फ्रँकशी बोलायला थांबू नकोस.

तुझाच,
रामचंद्र

ता. क. आत्ता खालून वॉचमनचा फोन आला. फ्रँक नावाचे एक म्हातारे गृहस्थ टॅक्सीतून उतरलेत, काठी टेकत एकटेच आलेत, आणि वर घरात कोण कोण आहे असं विचारतायत. मी विचारात पडलो तोवर त्याने त्यांना लिफ्टमधे बसवूनही दिलं. सतरा मजले आहेत. श्रेया कामावर निघाली आहे. तिला हे पाकीट देऊन जिन्याने खाली पाठवतोय, आधी खोताच्या वाडीत, थेट तुझ्या हातात. घरी आज तू एकटीच आहेस, तेव्हा दारातच फोड आणि उभ्यानेच वाच. बेल वाजली. श्रेयाला सांगतोय, आधी तू मागच्या दाराने जा, मग मी हे दार उघडतो.