गिटार निहारलाच

मी, आनंदा महिपत शिवलकर, वय वर्षे ६९, पूर्वीचा धंदा ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणे, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी शकू हिला तो अजून पटलेला नाही.

पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी इलेक्ट्रिक गिटार विकून टाकावी, मुलगा निहार याला देऊ नये, असे लिहिले होते. ते का बदलले हे खाली येईल.

१. राहते घर शकूच्या हयातीत तिचे. तिच्यामागे निहार आणि मुलगी सानिका यांचे, समान हिश्श्याने. पतपेढीतली ठेव शकूची. ती तिने कशावरही उडवावी.

२. पान्यांची पेटी सानिकाला. निहारला त्यातला एकही पाना ओळखता येत नाही.

३. माझा अ‍ॅम्प्लिफायर मित्र अनिल भाटकर याला. गणपतीत दोन दिवसांसाठी म्हणून नेला, तो तसाही त्याच्याकडेच मुक्काम ठोकून आहे. निहार वाजवू लागला की "हात बघा, हात!" म्हणून ओरडणारा हाच. पोराला बिघडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण आता माझा राग उरलेला नाही.

४. गिटार. ही मी ऑर्केस्ट्रात वाजवली. निहार माझ्या कितीतरी पुढे गेला, मुंबईत स्पर्धा जिंकला. तसा वेग आणि तशी सफाई मी दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिली नाही. पण एक सूर निसटला की हा थांबायचा आणि चेहरा पाडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, भर स्टेजवरसुद्धा. वाजवताना तो हसलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. लोक टाळ्या वाजवत आणि मी मान खाली घालून बसे. ही गिटार माझ्या पोराला खाते आहे असे वाटले, म्हणून ती विकायला लिहिली होती.

गेल्या महिन्यात पुतणी शमिका हिची हळद होती. बायका नाचायला उठल्या आणि निहारने गिटारवर असा सपाटा लावला, की त्या तोंडात बोटे घालून परत खाली बसल्या. आमच्याकडे नवरीबरोबर आल्यागेल्यालाही हळदीने माखतात. माझी बहीण सखू वाटी घेऊन गेली आणि तिने निहारचे दोन्ही हात मनगटापर्यंत तेल-हळदीने माखले.

"तुजी बोटां निसती धावतायत. आमी नाचायचा कदी रे?"

तेलकट बोटे तारांवरून घसरू लागली. वेग गेला. त्याने साधी, सगळ्यांच्या तोंडातली चाल धरली. बायका उठल्या. मध्येच एक सूर सपशेल चुकला. आता हा थांबणार, म्हणून मी डोळे मिटले. तर तो मोठ्याने हसला आणि तसाच वाजवत राहिला! मला रडू आले. ते मी कोणापासून लपवले नाही.

म्हणून गिटार निहारची, विनाअट. जलद वाजवावी, हळू वाजवावी, त्याची मर्जी. माझा जीव भांड्यात पडला आहे.

हे कलम वाचून दाखवल्यावर शकू म्हणाली, "मग मरायची वाट कशाला बघताव? आताच देवन टाका."

दिली. त्यामुळे कलम ४ ला आता काही अर्थ नाही. पण वाचायला बरे वाटते, म्हणून ते खोडू नये.

ठिकाण: मिरकरवाडा, रत्नागिरी
दिनांक: ९ जून २०२५

सही: आनंदा महिपत शिवलकर

आमच्यासमोर सही केली:
१) अनिल भाटकर (कलम ३ अमान्य, अ‍ॅम्प्लिफायर परत करणार होतो)
२) डॉ. मनस्वी तोडणकर