पिवळा दिवा आणि तिसरा मजला

४ मार्च, सोमवार

गल्लीतलं पोकलेन बसलं. म्हणजे इंजिन चालू आहे, पण हातात जीव नाही. बकेट मातीला टेकते आणि तिथेच विचार करत राहते. स्क्रीनवर पिवळा दिवा. खाली अक्षरं : पुढच्या पंपाचा प्रेशर सेन्सर. ठेकेदार शेठ म्हणाले, दुरुस्तीला बाहेरून माणूस बोलावू का. मी म्हटलं, मी काय मेलोय? दोन दिवस द्या.

खोदाई नेमकी आमच्याच पाण्याच्या लाइनची. जुना पाइप काढून टाकलाय. आमच्या बिल्डिंगपुढचा चर खोदून झाला की नवा जोडणार. तोवर कोपऱ्यावरचा टँकर, दोन हात आणि तिसरा मजला. घरी सांगून टाकलं, मशीन माझ्या हातात आहे, बुधवारी नळाला पाणी. बायको 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये विश्वास किती, हे इतक्या वर्षांत मला मोजता आलेलं नाही.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मात्र बुधवारची अंघोळ पक्की केली. दोन बादल्या, कडकडीत. त्यांना उभं राहवत नाही, पाणी पुरत नाही, म्हणून सध्या ओल्या फडक्याने पुसून काढतो. ते फक्त फडक्याकडे बघतात.

५ मार्च, मंगळवार

आज डोकं चालवलं. मशीनला पंप दोन, पुढचा आणि मागचा. दोघांना एकेक सेन्सर, अगदी सारखे. मी अदलाबदल केली. पुढचा मागे, मागचा पुढे. लगेच स्क्रीन मागच्या पंपाच्या नावाने ओरडायला लागली. म्हणजे दोष सेन्सरबरोबर गेला. पंप ठीक, वायर ठीक, सेन्सर गेलेला. याला म्हणतात निदान. नवा सेन्सर मागवला.

ऑपरेटर केबिनमधून म्हणाला, "मिस्त्री, कुठला कुठे लावलाय, खडूने खूण करून ठेवा."

खुणा विसराळू लोकांनी कराव्यात.

शर्टभर तेल. धुवायला पाणी नाही. संकल्प : उद्यापासून टँकरच्या रांगेत पहाटे उभं राहायचं.

६ मार्च, बुधवार

उठायला उशीर झाला. पार्सल आलं नाही, त्यात माझा काय दोष. अप्पा टॉवेल खांद्यावर टाकून खुर्चीत बसले होते. उद्या, म्हटलं. बायकोने टॉवेल घेऊन परत दोरीवर टाकला.

७ मार्च, गुरुवार

सेन्सर आला. तक्रार पुढच्या पंपाची होती, म्हणून पुढचा काढून तिथे नवा बसवला. काढलेला सेन्सर सगळ्यांसमोर हातोडीने फोडला, आत काय बिघडलंय ते लोकांना कळावं म्हणून. आत सगळं नव्यासारखं. हीच तर या वस्तूंची लबाडी, वरून-आतून चांगल्या दिसतात.

इंजिन चालू केलं. पिवळा दिवा. नवा सेन्सरसुद्धा खराब निघाला! आजकाल माल कसला येतो, देव जाणे. ऑपरेटरने विचारलं, दिव्याखाली काय लिहिलंय ते वाचलं का. सोमवारी वाचलंय. पिवळा तो पिवळा, रोज रोज काय वाचायचा?

८ मार्च, शुक्रवार

पंपाला कान लावला. माझा कान कधी चुकत नाही. तेल खराब आहे. सगळं तेल बदललं, फिल्टर बदलला. दिवा तसाच. कान बरोबरच होता, तेल थोडं मुरायला हवं.

जिन्यात शेजारच्या वहिनी बादली टेकून दम खात होत्या. म्हणाल्या, भाऊजी, बुधवार म्हणजे कुठला बुधवार ते तरी सांगा. संकल्प : यापुढे कोणाला वार सांगायचा नाही.

९ मार्च, शनिवार

पूर्ण वायरिंग उघडलं. काही सापडलं नाही. म्हणजे वायरिंग नाही, हे तरी सिद्ध झालं. प्रगती आहे.

बायकोचा दुसऱ्या मजल्यावर पाय घसरला. बादली खालपर्यंत गडगडत गेली, सगळं पाणी जिन्यावर. गुडघा टम्म सुजलाय. ती तशीच परत खाली निघाली होती, मी बादली हातातून घेतली. फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढावा ते सुचेना. खूप थकलोय.

११ मार्च, सोमवार

शेठनी सकाळीच कुदळी-फावडी घेऊन माणसं लावली. मी सांगितलं, हाताने आठवडा जाईल. दुपारच्या जेवणाआधी चर झाला.

मग शेठनी कंपनीच्या टेक्निशियनला फोन लावून माझ्या कानाला दिला. त्याने एवढंच विचारलं, "स्क्रीनवर आत्ता पुढचा पंप आहे की मागचा?"

वाचलं. मागचा. मंगळवारपासून मागचाच असणार.

म्हणजे खराब सेन्सर मागे आरामात बसलेला. मी स्वतःच नेऊन बसवलेला. आणि गुरुवारी गल्लीसमोर फोडला, तो चांगला. आता आणखी एक मागवावा लागेल. शेठना म्हटलं, एक जास्तीचा असलेला बरा. ऑपरेटर खिशातला खडू तेवढा माझ्या टूलबॉक्सवर ठेवून गेला.

संध्याकाळी नळ आला. आधी खोकला, मग चिखल, मग पाणी. अप्पांना स्टुलावर बसवून दोन बादल्या घातल्या, कडकडीत. डोळे मिटून त्यांनी विचारलं, "मशीन चालू झालं ना रे?"

मी तांब्या भरत होतो. बायको दाराला धरून, एका पायावर उभी होती. म्हणाली, "हो अप्पा. यांनीच केलं."

अप्पा म्हणाले, "बघ. बाहेरचा माणूस लागला नाही."

मी त्यांची पाठ चोळत राहिलो. नंतर तिच्या गुडघ्याला शेक देताना म्हटलं, उद्या-परवा सेन्सर आला की मशीन नक्की चालू करतो.

ती म्हणाली, "बरं."

त्यातला विश्वास या वेळी मोजता आला.